कालव्यात शिकलेलं पोहणं

धरणातून सोडलेलं पाणी आमच्या कालव्यात येऊन पोचतं, त्या सकाळी तंजावूरच्या एका अंगाला एक वास पसरतो. उन्हाळाभर तडकलेला गाळ, त्यात रुतलेल्या नारळाच्या झावळ्या, काठावरचं करपलेलं गवत, हे सगळं एकदम भिजल्यावर जो उग्र, किंचित कुबट आणि तरीही मनाला उभारी देणारा दरवळ उठतो, तो कुणी अत्तराच्या कुपीत भरणार नाही. पण माझ्या बालपणाला स्वतःचा काही गंध असेल तर तो हाच. त्या वासामागे आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीतली मराठी पोरं धावत सुटायचो, पुलाच्या कठड्यावर चढायचो आणि कुलदेवतेचं नाव घेऊन खाली उड्या टाकायचो. पुढचं काम पाणी करी. एका पुलावरून उडी, डौलाने हातपाय हलवीत पाव मैलाचा प्रवास, दुसऱ्या पुलाच्या पायऱ्या धरून बाहेर, आणि निथळत्या अंगाने रस्त्यावरून चालत पुन्हा पहिल्या पुलाकडे. यालाच आम्ही पोहणं म्हणत असू, आणि चाळिशी उलटेपर्यंत मला त्यात काही उणं असल्याची शंकासुद्धा आली नाही.

त्यातून मी चिकटलो तोही पाटबंधाऱ्यांच्या कचेरीत. सकाळी सायकलवर टांग मारून कालव्यावर जायचं, पट्टीवरचा पाण्याचा आकडा वाचायचा आणि वरिष्ठांना कळवायचा, एवढंच खरं तर माझं काम. पण एवढ्यावर मी गल्लीत स्वतःला पाण्यातला माणूस म्हणवून घेत असे. आमच्या मुलखात जमीन अशी सपाट, की कुठे जायचं हे पाण्यालाही हाताला धरून सांगावं लागतं. भाताची खाचरं, नारळीच्या रांगा, त्यांच्यामधून संथ सरकणारं कावेरीचं पाणी आणि क्षितिजावर देवळाचं शिखर: उंचीचा आमचा अनुभव तिथेच संपे.

अशा माणसाच्या पोटी सुभद्रासारखी मुलगी यावी, हा तिचा दोष म्हणता येणार नाही. ती वर्षंच नव्या वाऱ्याची होती. कोपऱ्यावर टेलिफोनचा पिवळा बूथ आला होता, गच्च्यागच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या, आणि त्या तारांतून आमच्या दिवाणखान्यात परदेशातले डोंगर, बर्फ आणि कड्यावर दोराला लटकलेली हसरी माणसं उतरत होती. आत्याकडे तिरुच्चीला सुट्टीत गेलेली सुभद्रा तिथल्या एका शाळेच्या तलावात रीतसर पोहायला शिकली, आणि तिला शिकवणाऱ्या मेरी टीचर दर पोंगलच्या सणानंतर दहाबारा हौशी मंडळी घेऊन कोल्ली डोंगरात जात असल्याची बातमी घेऊन परतली. ओढ्याच्या वाटेनेच डोंगर उतरायचा. पाणी पडतं तिथे दोरावरून उतरायचं, साचतं तिथे पोहून जायचं. पहिल्या वर्षी तिने विचारलं तेव्हा मी ‘नाही’ म्हटलं. कारण विचारलं तेव्हा आणखी मोठ्याने ‘नाही’ म्हटलं. आमच्या घरांतली मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात, याची सवय आम्हां सर्वांना आहे. पण त्या दिवसापासून सुभद्रा मला कुठल्याच भाषेत धड उत्तर देईनाशी झाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त शहाण्यासारखी वागू लागली, आणि पंधरा वर्षांच्या मुलीचं शहाणपण बापाला किती टोचतं, हे ज्याला मुलगी आहे त्यालाच ठाऊक.

म्हणून दुसऱ्या वर्षी मीच विषय काढला. मेरी टीचरांचा नियम होता की लहानांबरोबर घरचं वडीलधारं माणूस हवं. “मी येतो,” मी म्हणालो. पत्नीने ताटावरून मान वर केली. “तुम्ही? शिडीवर चढून पंखा पुसताना तुमचे पाय लटलटतात!” मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, आणि अर्जावर ‘पोहता येतं का?’ यापुढे ‘लहानपणापासून, उत्तम’ असं ठळक अक्षरांत लिहून टाकलं.

डोंगरावरची ती सकाळ अजून माझ्या अंगावर आहे. कॉफीच्या झुडपांवर दव साठलं होतं, फणसांच्या बुंध्यांना मिरीचे वेल बिलगले होते आणि दोन काळ्या खडकांच्या मध्ये एक डोह पडला होता. आमचं पाणी नेहमी गढूळ, शेताचा रंग ल्यालेलं. हे पाणी इतकं नितळ की तळाची पानं मोजावीत, आणि इतकं स्तब्ध, की आकाशाला त्यात चेहरा पाहून केस विंचरता यावेत. मेरी टीचर पन्नाशीच्या, काडीसारख्या बारीक, गळ्यात शिट्टी. त्यांनी सर्वांना कुठल्याशा बांधकामावरून आणलेली पिवळी हेल्मेटं वाटली आणि सांगितलं: आधी हा डोह एकेकाने पोहून दाखवायचा. खाली असे आठ आहेत. पहिल्या कड्यावरून शेवटचा माणूस उतरला की दोर ओढून घेतला जाईल, मग परतायची वाट नाही.

सुभद्रा मासोळीसारखी पलीकडे गेली. मग मी. पाण्यातल्या माणसाला शोभेल अशा रुबाबात खडकावर उभा राहिलो, कुलदेवतेचं नाव घेतलं आणि उडी टाकली. पाणी थंडगार होतं. पण मी वर आलो, मान ताठ केली, हात पसरले, पाय डौलाने हलवले आणि वाट पाहू लागलो. कसली, ते माझं मलाच कळत नव्हतं. समोरचा खडक होता तिथेच होता. बाजूचं झाड होतं तिथेच होतं. मी आणखी डौलाने हातपाय हलवले. झाड हलेना. आणि मग, कमरेपासून वर चढत आलेल्या गारठ्याबरोबर, एक सत्य माझ्या ध्यानात आलं: तीस वर्षं मी पोहत नव्हतो; मी तरंगत होतो, आणि कावेरी मला नेत होती.

“सार,” ‘सर’चा आमच्याकडे होतो तसा ‘सार’ करून मेरी टीचर काठावरून म्हणाल्या, “तरंगता छान. आता पोहा.”

मी पोहायचा प्रयत्न केला. तो पाहून दोघांनी तोंडं फिरवली, आणि कुंभकोणमचे एक लठ्ठ बँकवाले तर मोठ्या आस्थेने पाण्यात उतरून मला बखोट धरून बाहेर घेऊन आले. सामानाच्या पिशव्या तरंगवण्यासाठी ट्रॅक्टरच्या चाकाची एक फुगवलेली ट्यूब होती. तिच्याकडे बोट दाखवून मी म्हणालो, “मला सामान समजून तिला बांधा की!”

“सामान भिजलं तरी चालतं, सार,” टीचर न हसता म्हणाल्या. “सामान घाबरत नाही.”

मग त्यांनी स्वच्छ सांगितलं. मला ओढ्याने जाता येणार नाही. स्वयंपाकी मणी भांडी घेऊन पायवाटेने खाली जातो, त्याच्याबरोबर जावं. मुलीबद्दल मी ठरवायचं. ती माझ्याबरोबर परत फिरेल, किंवा मी तिला त्यांच्या हवाली करतो असं सर्वांसमक्ष सांगावं. “ऊन वर येतंय,” त्या म्हणाल्या. “लवकर.”

मी सुभद्राकडे पाहिलं. तिने डोळ्यांत पाणी आणलं नाही, ‘अप्पा, प्लीज’ म्हटलं नाही. तिने खाली बघत हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा सोडायला सुरुवात केली. इतक्या सवयीने, इतक्या सहज, की जणू ते ‘नाही’ मी उच्चारायच्या आधीच तिने ऐकून, घडी घालून ठेवलं होतं. त्या एका हालचालीने मला जे सांगितलं ते वर्षभराच्या अबोल्याने सांगितलं नव्हतं. कड्याच्या कडेपलीकडे पाणी खाली कोसळल्याचा आवाज येत होता. तिला काही झालं तर घरी कुठल्या तोंडाने जाऊ, हा प्रश्न होताच. पण तिला इथून परत नेलं तर तिच्यासमोर कुठल्या तोंडाने बसू, हा प्रश्न त्या क्षणी जास्त जवळ उभा होता.

“पट्टा असू दे,” मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण परक्यासारखा निघाला. “टीचर, ही तुमच्या हवाली.”

तिने झटकन वर पाहिलं. आणि मला काही सुचायच्या आत शिट्टी वाजली.

पायवाटेवर मणीने दहीभाताचं पातेलं माझ्या हातात दिलं. चालता चालता त्याने विचारलं, “सार पण स्वयंपाकी?” मी म्हणालो, “नाही रे, मलाही पोहता येत नाही.” तो खुदकन हसला आणि “मग बरोबर वाटेवर आहात” म्हणाला. खाली पोचलो तेव्हा शेवटचा धबधबा उन्हात न्हात होता. त्याचे तुषार इंद्रधनुष्याचा एक तुकडा धरून ठेवत होते आणि ओल्या शेवाळाचा, रानहळदीचा, उन्हात तापल्या दगडाचा वास एकमेकांत मिसळत होता. शंभर फुटांचा तो कडा पाहून माझे तळपाय, जमिनीवर उभे असूनही, गुदगुल्या झाल्यासारखे आखडले. मंडळींना यायला तीन तास होते. मी एका कोमट खडकावर पाठ टेकली. केवळ पाठ टेकली, डोळे मिटायचा माझा विचार नव्हता.

जाग आली ती दचकून. धबधब्याच्या कडेने एक पिवळं हेल्मेट दोरावर लोंबकळत होतं, अर्ध्या कड्यावर अडलेलं. पाय खडकावरून सुटत होते, पुन्हा टेकत होते. मी पाण्याच्या कडेपर्यंत धावलो आणि ओरडू लागलो. चारचौघांत जे कधी बोललो नसतो ते मी आमच्या गल्लीतल्या मराठीत बोलत सुटलो, कारण त्या डोंगरात ती भाषा समजणारं दुसरं कोण असणार? घाबरू नको बाळ! पाय रुंद ठेव! तू उतरशील, मला ठाऊक आहे, मला पहिल्यापासून ठाऊक होतं! भीती मला होती गं, तुला नव्हती! गेल्या वर्षी मी चुकलो! घसा फाटेतो ओरडलो. हेल्मेट थांबलं, सावरलं, मग हळूहळू, इंच इंच खाली येऊ लागलं, आणि जसजसं खाली आलं तसतसं रुंद होत गेलं.

ते कुंभकोणमचे बँकवाले होते.

खाली उतरताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. “सार, तुम्ही काय म्हणालात यातलं एक अक्षर कळलं नाही,” ते तमिळमध्ये म्हणाले, “पण त्या आवाजाला धरून उतरलो. दोराला नव्हे.”

मी त्यांना एका खडकावर बसवत असताना पाठीमागून कुणी तरी हसलं. पाहतो तर मणीच्या चुलीजवळ, ओले केस मोकळे सोडून, केळीच्या पानावर दहीभात जेवत सुभद्रा बसली होती. ती सर्वांत आधी उतरली होती. गाढ झोपलेल्या बापाला उठवू नका, असं तिनेच मणीला बजावलं होतं.

“अप्पा, ते बँकेतले मामा,” ती म्हणाली. “मी केव्हाच आले.”

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. दोराच्या घर्षणाने तिचे तळवे लालबुंद झाले होते. तिचा हात मी हातात घेतला. हा हात मला पूर्वीपासून ठाऊक होता असं मी शपथेवर सांगू शकलो नसतो. वर्षभर ज्याला मी तिचा रुसवा समजत होतो तो कदाचित एक साधा विराम होता: माझ्या पुढच्या वाक्यासाठी ठेवलेली रिकामी जागा. आणि ते वाक्य सापडलं तेव्हा मी ते एका अनोळखी माणसाच्या दिशेने उधळून टाकलं होतं. तरी ते वाया गेलं, असं म्हणायला जीभ रेटेना.

तिने बोटं चाटली, पान दुमडलं, आणि नजर धबधब्याकडे ठेवून, तमिळ सोडून चक्क मराठीत विचारलं, “अप्पा, पाण्याचा आवाज फार होता. अर्धंच ऐकू आलं. काय म्हणत होतात?”

दोरावर आता कुणीच नव्हतं. ओरडायला निमित्त उरलं नव्हतं. मी खडकावरून थोडा तिच्याकडे सरकलो.