वहिनींनी मला आधी सांगितलं होतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. ज्या दोन माणसांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. आणि आता सांगायला बसलोय तर छाती अशी धडधडतेय, जशी पूर्वी कबड्डीत चढाईला निघताना धडधडायची. भीती म्हणाल तर आहे. पण खोटं कशाला बोलू – नुसती भीती नाही. आनंदही आहे त्यात. मागच्या आठवड्यापासून मी आनंदाने वेडा झालोय, आणि त्या आनंदानेच मला पकडलंय.

झालं असं, की दुपारी मी शाळेच्या मैदानावर होतो. मी खेळाचा शिक्षक, नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, एका शाळेत. फोन वाजला. वैशाली वहिनींचा. मी उचलला तर पलीकडून नुसतं हसू ऐकू येत होतं, मग रडू, मग परत हसू. मला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं की काय. मग त्या म्हणाल्या, "विनू, मिळाली रे. सगळी मिळाली. कोर्टात भरली त्याने."

अकरा वर्षांची थकलेली पोटगी. मी मैदानावर सगळ्यांसमोर उडी मारली. खरंच मारली.

वैशाली वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची पहिली बायको. मी त्याला दादा म्हणतो. दादा इंजिनिअर, लग्नानंतर महिनाभरात कॅनडाला गेला. व्हिसा झाला की हिला नेतो म्हणाला. वहिनी नगरच्या, औषधनिर्माणशास्त्राचा डिप्लोमा झालेल्या, त्या आमच्या भीमाकाठच्या गावात येऊन राहिल्या – दोन वर्षं. मी तेव्हा बारावीत. इंग्रजीत हमखास नापास होणार असा माझा लौकिक होता. वहिनींनी मला रोज संध्याकाळी ओट्यावर बसवून इंग्रजी शिकवलं. तालुक्याच्या कबड्डीच्या अंतिम सामन्याला आमच्या घरातून एकच माणूस आलं होतं, त्या. त्या मला नावाने हाक मारायच्या, मी त्यांना वहिनी म्हणायचो. अजूनही म्हणतो.

व्हिसा आला नाही. आला तो दादाचा फोन – जमणार नाही. तिकडे त्याने दुसरा संसार मांडला होता. वहिनी नगरला माहेरी गेल्या, मेडिकलच्या दुकानात नोकरीला लागल्या, आणि त्यांनी केस केली. पोटगीचा हुकूम झाला. दादाने चार महिने पैसे पाठवले आणि बंद केले. त्याचं म्हणणं असं, की कॅनडात येऊन मला कोण विचारणार?

आणि खरंच, कोण विचारणार होतं? कोर्टाची नोटीस निघायची ती आमच्या गावच्या घराच्या पत्त्यावर. माणूस बसलाय समुद्रापलीकडे. नोटीस घेऊन आलेला माणूस विचारायचा, परदेशातला पत्ता काय? आबा, म्हणजे माझे वडील, मान खाली घालून आत जायचे. मग मी पुढे व्हायचो. सांगायचो, पत्ता माहीत नाही. तसं लिहून सही द्यायचो. दर रविवारी सकाळी दादाशी व्हिडिओवर बोलायचो, त्याच्या घरामागचं बर्फ बघायचो, आणि सोमवारी लिहून द्यायचो – पत्ता माहीत नाही. वहिनीही फोन करायच्या. "विनू, तुला कळलं तर सांगशील ना?" मी म्हणायचो, हो वहिनी.

तुम्हाला वाटेल, मनाला लागत असेल. सुरुवातीला लागलं. पण मग – हे सांगताना जीभ अडतेय – मग मजा यायला लागली. कोर्ट, वकील, पोलीस, सगळे हात पसरून उभे, आणि मी मधून निसटतोय. दादा तिकडून म्हणायचा, वाघ आहेस तू. लहानपणापासून हुशार तो, मी नुसता दांडगा. त्याला माझी गरज लागण्याची ही पहिलीच वेळ. त्याचं मला किती अप्रूप होतं, कसं सांगू?

पण हे काही ते नव्हे. पत्ता लपवला हे गावात बहुतेकांना माहीत आहे. मी मुद्द्यावर यायला टाळतोय.

पाच वर्षांपूर्वी आबा गेले. दादा आला. त्याच्यावर वसुलीचं वॉरंट होतं, तरी आला, लपूनछपून, तिसऱ्या दिवशी. थोरला मुलगा, आईने फोनवर हंबरडा फोडला होता. गावाने तोंडं मिटली.

नवव्या दिवशी दुपारी मला वहिनींचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. म्हणाल्या, "तो आलाय ते मला कळलंय. तू हो-नाही काही बोलू नकोस, तुला पेचात टाकत नाही. उद्या दहावा आहे. त्याच्या हातून पिंड होऊ दे. कावळा शिवू दे. मग मी पोलिसांना घेऊन घरी येईन. आबांनी मला लेकीसारखं वागवलं, त्यांच्या कार्यात मी अडथळा आणणार नाही. आईंना सांभाळ, त्यांना धक्का बसेल. म्हणून तुला आधी सांगतेय."

कळतंय ना तुम्हाला? त्यांना त्याच दिवशी येता आलं असतं. अकरा वेळा कोर्टाच्या पायऱ्या चढून हात हलवत परत आलेली बाई, आणि माणूस हातात सापडलेला असताना ती एक दिवस थांबली. सासऱ्याच्या पिंडासाठी. आणि तिने विश्वासाने ते एकाच माणसाला सांगितलं.

मी "हो वहिनी" म्हणालो. म्हणताना ते खोटं नव्हतं. फोन ठेवला आणि पाचव्या मिनिटाला मी गोठ्यामागे दादाला सगळं सांगत होतो.

पुढचा दिवस आठवला की आजही अंगावर काटा येतो – लाजेने यायला हवा, पण लाजेने नाही येत. आमच्या गावापाशी भीमेचं पात्र उजनीच्या फुगवट्याने समुद्रासारखं पसरलेलं असतं. पलीकडचा काठ म्हणजे दुसरा जिल्हा. मी एका ओळखीच्या मच्छीमाराला होडी घेऊन घाटाच्या खालच्या अंगाला थांबायला सांगितलं होतं. पलीकडे माझा एक मित्र गाडी घेऊन उभा. सकाळी पिंड मांडले. आम्ही दोघे भाऊ गोटा करून, ओल्या धोतरात, हात जोडून उभे. मी कावळ्याकडे बघतच नव्हतो. माझे डोळे रस्त्याकडे. कावळा लगेच शिवला. बायका रडल्या. आबांचं काही मागे राहिलं नाही असं सगळे म्हणाले. आणि मी दादाचा दंड धरला.

खाली उतारावर आम्ही पळालो. त्याची पँट, शर्ट, पासपोर्ट, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. होडीत बसताना त्याने मला मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाला, "विन्या, तू नसतास तर मी गेलोच असतो." इंजिन धडधडलं, होडी निघाली, पाण्यावरचे पक्षी भर्रकन उठले. मला शिट्टी मारावीशी वाटली. आबांच्या दहाव्याला. मला वाटलं, मी जिंकलो.

तासाभराने घरी जीप आली. वहिनी उतरल्या. चपला बाहेर काढल्या, आधी आबांच्या फोटोला हात जोडले, आईच्या पायाशी बसल्या. त्यांच्याबरोबर ढवळे नावाचे हवालदार होते. पन्नाशीचे, संथ. त्यांनी दुखवट्याच्या घरात शिरायचं म्हणून टोपी काढून हातात धरली, माळवदापर्यंत बघून आले, आणि वहिनींना म्हणाले, न्हाई ताई. मी सांगितलं, आला होता, पिंड झाल्यापासून दिसला नाही.

आई माझ्याकडे बघत होती. 

निघताना वहिनींनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "त्याला कुणीतरी सांगितलंय," त्या म्हणाल्या. "मी येणार हे फक्त तुला आणि ठाण्यात माहीत होतं."

इथे मी थांबू शकलो असतो. त्यांनी मला विचारलंही नव्हतं. माझं नाव त्यांच्या मनातच आलं नव्हतं, ते मला दिसत होतं. मी जीपजवळ उभ्या असलेल्या ढवळ्यांकडे पाहिलं आणि म्हणालो, "पोलिसांचं काय सांगावं, वहिनी."

एवढंच. एक वाक्य.

वहिनींनी तक्रार केली. करणारच. त्या हार मानणाऱ्यातल्या नाहीत, म्हणून तर आज जिंकल्या. त्यांच्या वकिलांनी पुढे पासपोर्टचा धागा पकडला. वॉरंट असलेल्या माणसाला नवा पासपोर्ट मिळू नये म्हणून अर्जावर अर्ज केले, इथून दिल्लीपर्यंत. दादाचा पासपोर्ट संपत आला तेव्हा नवा मिळेना, नोकरी जायची वेळ आली, तेव्हा कुठे साहेबांनी वकील लावून सगळी बाकी कोर्टात भरली. पत्ता मी शेवटपर्यंत दिला नाही. त्यांना तो लागलाच नाही.

पण त्या तक्रारीचं सांगत होतो. ढवळ्यांची खात्याची चौकशी लागली. चौकशीत मला बोलावलं. मी तेव्हा नोकरीत नवा होतो, अजून कायम झालो नव्हतो – पण राहू दे, ते कारण नाही. मला विचारलं, हवालदारांना तुमच्या भावाशी बोलताना पाहिलं का? नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. मी लिहून दिलं, की नवव्या दिवशी संध्याकाळी गावातल्या चहाच्या टपरीवर हवालदार ढवळे माझ्या भावाशी बोलत होते, मी स्वतः पाहिलं. खाली सही केली. अक्षर छान आलं होतं.

ढवळ्यांची बढती गेली. बदली झाली अकोले तालुक्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. बायको-मुलं इकडेच राहिली.

मागच्या आठवड्यात, फोनच्या दुसऱ्या दिवशी, वहिनी स्वतः आल्या. पेढे घेऊन. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले, माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, की त्या घरातलं हे एक माणूस माझ्या बाजूने उभं राहिलं, याने पोलिसाविरुद्ध साक्ष दिली. मी पेढा खाल्ला. गोड लागला. काय करू, लागला.

आता शेवटचं.

बदलीचा हुकूम निघाल्यावर ढवळे एकदा शाळेत आले होते. वर्दीत नव्हते. मैदानाच्या कडेला तास संपेपर्यंत उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस माझी गचांडी धरणार. मी पाय रोवून उभा राहिलो. त्यांनी नमस्कार केला.

"सर," ते म्हणाले, "मी भांडाया आलो न्हाई. तुमी मला त्या दिशी टपरीवर पाह्यलं म्हनून लिवलंय. मला काय केल्या आठवंना. रातच्याला झोप न्हाई. तुमी मास्तर मानूस, खोटं कशाला लिवाल? म्हनून म्हनलं, इचारून घ्यावं. पर ती टपरी तर तुमच्याच भावकीची. दहा दिस सुतकात बंद हुती म्हनं."

टपरी बंद होती. खरंच बंद होती. लिहिताना ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि चौकशीत कुणी पडताळूनही पाहिलं नव्हतं. तो माणूस हातात एवढं मोठं हत्यार घेऊन आला होता, आणि ते माझ्यावर उगारत नव्हता. नुसतं विचारत होता.

माझं डोकं कसं सरसर चाललं, सांगू? अगदी होडीच्या वेळी चाललं होतं तसं. मी म्हणालो, "टपरी बंदच होती. तुम्ही समोर उभे होतात. लिंबाखाली."

त्यांनी आठवून पाहिलं. कपाळावर बोटं टेकवली. मग मान हलवली.

"आसंल," ते म्हणाले. "मीच इसरलो आसंन."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. त्यांनी हात पुढे केला. मी तो हातात घेतला.

ढवळे त्या संध्याकाळी आमच्या गावात आलेच नव्हते.