नानांनी उंच टांगलेली बाटली

फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात केळीच्या चिकाने भरलेले होते, म्हणून मी कोपरानेच स्क्रीन दाबली, स्पीकर लागला, आणि शेडमधल्या सगळ्या बायकांनी एकदमच ऐकलं की नाना गेले. सकाळी तर आले होते, चहा घेतला, माझ्या परीच्या गालाला बोट लावलं, छातीत जरा जड वाटतं म्हणाले आणि जळगावला दाखवायला कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून निघाले... आणि दुपारी हा फोन. माझ्याबरोबर काम करणाऱ्या शोभाअक्कानं फोन उचलून कानाला लावला. मशीन चालूच होतं, बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मला खरं तर आधी रडू नाही आलं, भीती वाटली. आमचा केळीच्या धाग्याचा तुकडा धुळ्याला गेलेला, त्याची दुसरी परीक्षा व्हायची होती, ती शेवटची होती, आणि नाना नाहीत. आता कोण जाणार, कोण बोलणार त्या परीक्षेच्या लोकांशी?

नाना म्हणजे माझे चुलत सासरे. जळगावच्या एका पाइपच्या कंपनीत नोकरी करून रिटायर झाले आणि असोद्याला शेताच्या कडेला पत्र्याची शेड टाकून बसले. केळीचा घड कापला की खोड तिथंच पडतं, सडतं, आमच्याकडे त्याच्याकडे कुणी बघत नाही. नाना बघायचे. खोडाची साल, सोपट, सोलायचे, त्याचा धागा ओढून तुटतो का ते बघायचे, परत ओढायचे. त्यातच दिल्लीची एक योजना निघाली, की लष्कराला लागणारी नवीन वस्तू छोट्या कारखान्याने शोधून दाखवली तर त्या शोधाचा खर्च सरकार देणार, पण टप्प्याटप्प्याने, एक परीक्षा पास झाली तरच पुढचं. बर्फाच्या डोंगरावर औषधं पोचवायला हलक्या पंखांचं ड्रोन पाहिजे होतं. नाना म्हणाले, केळीच्या धाग्याचा पंख करू. सगळं गाव हसलं. पारावर कुणी म्हणालं, "नाना, इमान उडालं का वरून वेफर टाकजा आमच्यासाठी!" नाना पण हसले, आणि त्यांची निवड झाली.

मी नववीपर्यंत शिकलेली, माहेर धुळ्याकडचं, बोली अहिराणी, ‘आहे’च्या जागी तोंडात शे शे येतं म्हणून सासरी सगळे चिडवतात. परी पोटात होती तेव्हापासून शेडमध्ये जायची. नाना सासरे, म्हणून मी डोक्यावर पदर घेऊन खाली बघून काम करायची, आणि धागा काढायचं मशीन गरगर फिरायचं. एक दिवस नानांनी मशीनच बंद केलं. म्हणाले, "बेटा, तो पदर कमरेले खोच. मान राहू दे, जीव संभाळ." मी लाजून मेले, पण खोचला. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे वर बघून बोलायला लागले, आणि एकदा धीर करून विचारलंच, "नाना, माले भीती वाटस. आपन करतस त्याना वर बसीसन कोनी बॉम्ब तर नही टाकाव ना?" त्यांनी धाग्याची जुडी बाजूला ठेवली. "मले औषधाचं सांगेल आहे," म्हणाले. "पुढे कोन काय नेईन, मले खरंच ठाऊक नाही. पण तू इचारत जाय. बंद नको करू इचारनं." दुसरा कुणी असता तर मला गप्प बसवलं असतं, नाहीतर खोटं सांगितलं असतं.

पहिल्या परीक्षेला त्यांनी मला बरोबर घेतलं, म्हणाले चल, आपण काय केलं ते पाय, येता येता आईले भेट. पंखासाठी धाग्याचे थर रसायनाने चिकटवून आम्ही एक तुकडा केला होता. धुळ्याच्या एका कॉलेजात परीक्षेचं मशीन आहे, ते तुकड्याला वरून दाबत जातं, तुटेपर्यंत. मी परीला छातीशी धरून डोळे गच्च मिटले. कट्ट आवाज आला, अगदी लवकर. नाना माझ्या कानाशी म्हणाले, "डोये नको मिटू. तुटलं तरी पाय, कोठून तुटते ते पाय." मी बघितलं तर तुकडा मोडलाच नव्हता, त्याचे पापुद्रे सुटले होते, पोळीचे सुटतात तसे. तिथले सर चांगले होते, म्हणाले एक संधी अजून मिळते. पण असं का झालं ते त्यांनाही कळेना, नानांनाही नाही.

तिथून माझ्या आईकडे गेलो. नाना ओसरीवर बसून ते पापुद्रे उलटेपालटे करत होते, चहा निवून गेला. परीला आदल्या दिवशी सुई दिली होती, आणि आई तिच्या मांडीवर पट्टी चिकटवत होती, ती काही चिकटेना, सारखी घसरून पडायची, पोरगी किंचाळत होती. नानांनी विचारलं, "काहून चिकटत नाही वं ते?" आई म्हणाली, "आत्तेच तेल चोळं ना तिना आंगले, कसं चिकटी?"

नानांनी पापुद्रा नाकाशी नेला, माझ्या हातांकडे बघितलं, आणि एवढ्या मोठ्यानं हसले की परी रडायची थांबली. आमच्याकडे केळीला हात लावायचा तर आधी तळहाताला तेल चोळतात, नाहीतर चिकाचे काळे डाग पडतात, ते निघत नाहीत. आमचे हात खराब होऊ नयेत म्हणून नानांनीच शेडमध्ये शेंगदाणा तेलाची बाटली आणून ठेवली होती. तेच तेल हातावरून धाग्याला, आणि त्या धाग्यावर रसायन कसं धरणार? "मीच आनली ना व बाटली!" म्हणत ते मांडी बडवत होते. नापास झालेला माणूस एवढा खूश मी पहिल्यांदाच बघितला.

दुसऱ्या दिवशी नानांनी तेल बंद म्हणून सांगितलं आणि शेडमध्ये भांडणच. शोभाअक्का म्हणाली, "नाना, मह्या पोरीचं लगन आहे. हे काये हात घिसन याहीनीसमोर जाऊ का?" विहिणीला काळे हात कसे दाखवायचे, एवढंच तिचं. हातमोजे आणले, तर बोटाला धाग्याची गाठच कळेना. मग नाना आमच्यात येऊन बसले आणि दोन्ही हात मनगटापर्यंत चिकात घातले. अक्का म्हणाली, "याहीनीले सांगीन, इमान बनवते म्हनून." काळ्या झालेल्या हातांनीच नानांनी ती बाटली उचलली, स्टुलावर चढले आणि वरच्या खिळ्याला टांगली, आमचा कुणाचा हात पोचणार नाही अशी.

बिनतेलाच्या हातांनी केलेला नवा तुकडा धुळ्याला गेला, आणि नाना गेले. तेराव्यानंतर पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा म्हणाला, हा तुकडा पण फेल गेला तर शेड बंद, गोदाम म्हणून भाड्यानं देऊन टाकू. तो वाईट नाही, त्याला हे सगळं लांबचं. म्हणाला, वहिनी, तुम्ही चला, तुम्ही बघितलंय. मी परीला अक्काकडे दिलं आणि त्याच्याबरोबर एसटीनं धुळ्याला गेले. मशीन सुरू झालं. मला डोळे मिटायचे होते, फार मिटायचे होते, नाही मिटले. दाबत गेलं, दाबत गेलं, मागच्या वेळेला सुटला होता तो आकडा गेला, सर पुढे वाकले, पास व्हायचा आकडा पण गेला, आणि मग केव्हातरी तुकडा मोडला. मधून मोडला, सरळ आडवा. पापुद्रा एकही सुटला नव्हता. नानांच्या मुलानं तो हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. मग मला म्हणाला, "आता पुढे काय करायचं असतं, वहिनी?" मला कुठं माहीत होतं... मी म्हटलं, विचारू ना.

शेड चालू आहे. मला अजून भीती वाटते, ड्रोन कुठं जाईल, काय नेईल, आणि मी दर वेळी विचारते, योजनेचे लोक कंटाळले तरी विचारते. परवा एक नवीन सून कामाला आली. सोपट बघून तिनं तोंड वाकडं केलं आणि वर बघितलं. बाटली तिथंच आहे, धूळ बसलीय, पण काचेवर नानांच्या अंगठ्याचा काळा ठसा तसाच आहे, तो पुसायचा म्हटला तरी निघणार नाही. ती म्हणाली, "बाई, तेल आहे ना, मंग एवढं वर काहून टांगलं?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी पदर कमरेला खोचला आणि तिला म्हटलं, "सांगते. पहिले हात काळे कर."