सगळ्यात हळू माणूस पुढे

मी गाव सोडलं ते केळीच्या ट्रकमधून. शिरपूरची सकाळची एस.टी. चुकली होती. आबा म्हणाले, गाडी भरून झालीच आहे, हायवेपर्यंत ड्रायव्हरशेजारी बस. आबा म्हणजे माझे वडील. तापीकाठच्या बागांमधून केळी कापून ट्रक भरणाऱ्या टोळीचे ते मुकादम. ते धरून टोळीत सात जण होते, सगळ्यांचे सदरे केळीच्या चिकाने काळे पडलेले. त्या दिवशी सातही जण गाडीच्या मागे ओळीत उभे राहिले, जणू मीच शेवटचा घड होते. आबांनी खिडकीतून माझी पिशवी आत दिली आणि म्हणाले, "पोचनी की फोन करजो, ताई." टोळीतले सगळ्यात वयस्कर हिलाल नाना तेवढे हात हलवत होते, गाडी वळेपर्यंत.

हे मी लिहितेय ते त्या टोळीतल्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखे जे गावाबाहेर पडले आणि चार माणसांवर साहेब झाले त्यांच्यासाठीही. गावातले वाचतील की नाही माहीत नाही. बाहेर पडलेल्यांनी तरी वाचावं.

मी चाकणजवळच्या एका मोठ्या गोदामात लागले. लोक मोबाईलवर बटण दाबतात आणि दुसऱ्या दिवशी वस्तू दारात येते, त्या मधल्या रात्रीत काय होतं ते आमच्या गोदामात होतं. आधी मी स्कॅनर घेऊन रॅकमधून पळायचे. मग टीम लीड झाले, मग शिफ्ट मॅनेजर. चाळीस माणसं हाताखाली. कोण तासाला किती वस्तू उचलतो ते भिंतीवरच्या स्क्रीनवर दिसतं, हिरव्या नाहीतर लाल रंगात. लाल रंगातल्या माणसाशी बोलणं हे माझं काम. त्याला आमच्याकडे फीडबॅक म्हणतात. तीनदा फीडबॅक दिला की चौथ्यांदा तो माणूस दिसत नाही.

एकदा कंपनीने आम्हाला लोणावळ्याला रिसॉर्टवर नेलं, टीम कशी बांधावी हे शिकायला. दोन दिवस आम्ही घोडे झालेले लोक फुगे फुगवत होतो आणि कागदी कपांचे मनोरे रचत होतो. आबांनी पाहिलं असतं तर हसून हसून खाली बसले असते. पण मी वहीभर लिहून घेतलं. अडथळा शोधा. तो बाजूला करा. वेगवान माणसाला मोकळं सोडा. मला वाटलं, हे ज्ञान आपल्याला आधी कोणी का दिलं नाही.

त्याच वर्षी वैशाखात मी चुलत बहिणीच्या लग्नाला गावी गेले. आबा काळजीत होते. व्यापाऱ्याने सांगितलं होतं, गाडी ऊन चढायच्या आत निघाली पाहिजे, नाहीतर मी रावेरकडची दुसरी टोळी आणतो. आबा मला म्हणाले, "तू इतला मानसं सांभाळस. आम्हनी टोळी देखी ले जराशी. काय चुकस ते सांग."

माझ्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं होतं. मला किती आनंद झाला काय सांगू! दुसऱ्या दिवशी मी बागेत गेले, बांधावर सावलीला बसले आणि मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

कापलेले घड बागेतून रस्त्यापर्यंत न्यायचे तर मध्ये अरुंद बांध. एका वेळी एकच माणूस मावेल एवढाच. डोक्यावर चुंबळ, त्यावर घड, आणि सगळे एकामागे एक. आणि पुढे कोण? हिलाल नाना! साठी ओलांडलेला, पाय फेंगडे पडलेला माणूस सगळ्यात पुढे, आणि त्यांच्या मागे तिशीतला सुनील, बैलासारखा ताकदीचा, पावलं मोजत चाललेला. मी मनात म्हटलं, सापडला अडथळा. हातच्या काकणाला आरसा कशाला?

संध्याकाळी ओट्यावर सातही जणांना बसवून मी समजावलं. वेगवान माणूस पुढे, हळू माणूस शेवटी. प्रत्येकाने किती घड नेले ते रोज सांगायचं. कोणालाही दुखवायचं नाही, फक्त आकडा सांगायचा. आणि एक वाक्य मी रिसॉर्टवरून जसंच्या तसं उचलून आणलं होतं: "जो मागे पडतो, तो सगळ्या टोळीला मागे ठेवतो." सुनीलने मान हलवली. हिलाल नाना आबांकडे बघत होते आणि आबा माझ्याकडे. आबांच्या चेहऱ्यावर एवढा अभिमान होता की मला दुसरं काही दिसलंच नाही.

वर्षानुवर्षं ही माणसं अशी का चालतात, हे मी विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला विचारायचं सुचत नाही.

पंधरा दिवसांत आबांचा फोन आला. गाडी दहाच्या आत भरत होती. व्यापारी खूश होता आणि टोळी टिकली होती. "ताई, तुनी युक्ती लागू पडनी," आबा सांगत होते आणि मागे माय हसत होती. मी तर हवेतच गेले. पुढच्या मीटिंगमध्ये आमच्या साहेबांसमोर मी केळीच्या टोळीची गोष्ट स्लाईड बनवून सांगितली. बांध, चुंबळ, रांग, सगळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी मला बढती मिळाली. ती त्याच स्लाईडमुळे, असं माझ्या साहेबांनी चहा पिताना सांगितलं.

मग दोन वर्षं कामात गेली. गावी जाणं झालं नाही, फोन तेवढे व्हायचे. हिलाल नाना कसे आहेत विचारलं की आबा म्हणायचे, बरे आहेत. सुनीलने स्वतःची टोळी काढली हे मला आमच्या भाच्याकडून कळलं, तेही उडतउडत. मला त्यात वावगं वाटलं नाही. माणूस पुढे जाणारच, असं मी भाच्याला सुनावलंसुद्धा.

एका सकाळी शिफ्ट सुरू असताना मायचा फोन आला. ती कधी कामाच्या वेळी फोन करत नाही. म्हणाली, "आबा कामवर जातस नही आते. काही सांगत बी नहीत. तू ये."

मी गेले. आबा ओट्यावर बसले होते. सदरा पांढरा स्वच्छ. कामाच्या दिवशी त्यांचा सदरा मी असा कधी पाहिला नव्हता. गुडघा सुजला होता, पण डॉक्टर म्हणाले होते की हळूहळू काम करायला हरकत नाही. मी म्हटलं, आबा, मग घरी का बसलात? हळूहळू करा की.

आबा शांतपणे म्हणाले, "आते मीच धीमा व्हई गऊ, ताई. जो मांगे पडस तो बठ्ठी टोळीले मांगे ठेवस. तूच सांगेल शे ना."

आवाजात राग नव्हता. टोमणा नव्हता. त्यांनी माझा नियम प्रामाणिकपणे पाळला होता, दुसऱ्याला लावला तसा स्वतःला लावला होता. राग असता तर मी भांडले असते.

उरलेलं मायने चुलीपाशी सांगितलं. नवीन रांग लागल्यावर महिनाभरातच हिलाल नाना बांधावर पडले. ते शेवटी होते. डोक्यावर घड असला की मान वळवता येत नाही, म्हणून पुढच्या सहांपैकी कोणालाच कळलं नाही. सगळे रस्त्यावर पोचले, घड उतरवले, पाणी प्याले, तेव्हा लक्षात आलं की एक माणूस कमी आहे. नाना तोवर ओल्या सरीत पडून होते, खांदा निखळलेला, घड छातीवर. त्यानंतर ते टोळीत आले नाहीत. आबांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं, हे ताईला सांगायचं नाही, तिला वाईट वाटेल.

"म्हनीसन तर त्याले पुढे ठेवेत," माय म्हणाली. "ज्यावर नजर ठेवानी, तो डोयासमोर नको का?"

एवढंच होतं ते. बारा-पंधरा वर्षं जी गोष्ट त्या सात माणसांना माहीत होती, जी त्यांनी कधी कोणाला समजावली नव्हती, कारण समजावण्यासारखं त्यात काय होतं? आणि मी चार बुकं शिकून आले आणि एका संध्याकाळी ती मोडून गेले. टोळीही मग पहिल्यासारखी राहिली नाही. रोज आकडा ऐकल्यावर सुनीलला वाटलं, मी एवढे नेतो तर यांच्यात का राहू. तो दोघांना घेऊन गेला, आबा धरून तिघे उरले. त्याचीही चूक नाही. आकडा मोजायला मीच शिकवलं होतं.

मी हिलाल नानांकडे गेले. ते गोठ्यापाशी शेळीला पाला घालत होते, एका हाताने. मी पाया पडले आणि रडायला लागले. माफी मागायला गेले होते. त्यांनी पाल्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "बरं व्हयनं वं ताई," म्हणाले, "माले बी जरासा आराम भेटना." मग बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

आबांना मी खूप समजावलं. माझा नियम चुकीचा होता, सरळ सांगितलं. हात जोडले. आबा म्हणाले, चुकीचा कसा, गाडी तर दहाला भरायची. त्यांना माझी चूक मान्य नाही. मुलगी शिकलेली आहे, तिचं बरोबरच असणार, या एका गोष्टीवर त्यांनी सगळं लावलं होतं. ती खोटी ठरवली तर त्यांच्याकडे काय राहतं?

गोदामात मी अजून आहे. तिथे बांध नाही, रॅक आहेत. हळू माणसाला पुढे ठेवायचं म्हटलं तर स्क्रीनला ते कळत नाही. गेल्या महिन्यात एका पन्नाशीच्या बाईंचं नाव लाल झालं. मी त्यांना माझ्या टेबलासमोरच्या रांगेत आणलं, जिथून त्या मला दिसतील. वरून विचारणा झाली. अजून मी उत्तर दिलेलं नाही, आणि किती दिवस टाळता येईल माहीत नाही. हप्ते माझेही आहेत. मी शूर झालेय असं कोणी समजू नये.

आता दर दोन महिन्यांनी गावी जाते. आबांना गुडघ्यासाठी दवाखान्यात न्यायचं असतं. घरापासून स्टँडपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता, आता वीस मिनिटं लागतात. मी त्यांना म्हणते, तुम्ही पुढे व्हा. ते होत नाहीत. "तू चाल. मी येस मांगे मांगे. मनासाठे थांबू नको." मी मुद्दाम रेंगाळले तर तेही थांबतात, चपलेतला खडा काढल्यासारखं करतात, आणि मी चालू लागेपर्यंत पाऊल उचलत नाहीत. वळून बघितलं तर ओशाळतात. म्हणून मी पुढे बघत चालते आणि कान मागे ठेवते. घर म्हणजे मला आता तेवढंच उरलंय, मागून येणारा त्यांच्या चपलेचा आवाज. तो थांबला की माझे पाय आपोआप थांबतात. आणि मागून आबा ओरडतात, "चाल ना ताई, कसाले थांबनी?"