बडगीचा ठेका

फैजपूरजवळच्या आमच्या मळ्यात हिवाळ्यात भरिताचा बेत ठरला की आग माझ्याकडे. कपाशीच्या वाळक्या काड्या रचायच्या, वर हिरवी वांगी टाकायची आणि वासावरून ओळखून सांगायचं, ‘काढा.’ हा मान मी कुणाला शिवू दिला नव्हता.

एका वर्षी मात्र वांग्यांचा पार कोळसा झाला. मी आगीपुढेच बसलो होतो, पण वासच आला नाही. धाकटा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, दादांना बसल्या बसल्या डुलकी लागते. मी असा भडकलो की न जेवताच घरी आलो. पुढच्या वर्षी आग त्याने घेतली.

मग उजवा हात थरथरू लागला. बायकोने जळगावला डॉक्टरांकडे नेलं. पार्किन्सन निघाला. डॉक्टरांनी आधी वासाचं विचारलं. हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी पुष्कळांना वास येईनासा होतो, म्हणाले. अशा खुणांवरून, रक्तावरून, त्वचेच्या इवल्या तुकड्यावरून आजार लवकर पकडता येईल का, यावर सध्या जोरात संशोधन चाललंय. तो थांबवणारं औषध अजून हाती नाही. हे ऐकून माझं तोंड उतरायला हवं होतं, पण मला आठवला तो कोळसा. बायकोला म्हटलं, ‘बघ, मी झोपलो नव्हतो!’ घरी आलो तो निवडणूक जिंकल्यासारखा.

गोळ्यांनी हात बराच आवरला, पण चालता चालता पाय जमिनीला चिकटू लागले. डॉक्टर म्हणाले, ठेका धरून चाला. एकसारख्या तालावर अडलेलं पाऊल सुटतं, असं अभ्यासात दिसलंय. ताल? भजनात ज्याच्या हातचे टाळ लोक काढून घेतात, त्याला हे सांगणं! मी ते कानाआड केलं. बायको शेजारीच बसून ऐकत होती.

यंदा भाऊ स्वतः घरी आला. वासाचं त्याला कळलं होतं. मान खाली घालून म्हणाला, आग तुम्हीच सांभाळा. वास नाही तर नाही, देठापाशी काडी टोचून बघेन, असं मी ठरवलं. नवा सदरा घालून मळ्यात गेलो, आणि वांगी टाकलेली आग चार हातांवर असताना पाय अडले. सगळे बघायला लागले. भाऊ हात धरायला उठला. हात धरून आणलेल्या माणसाने ‘काढा’ म्हटलं, तर ऐकणार कोण?

बायको वांगी ठेचायची लाकडी बडगी पुढ्यात घेऊन बसली होती. तिने भावाला खुणेनेच खाली बसवलं, मुसळी उचलली आणि रिकाम्या बडगीत घाव घालायला लागली. धप, धप, धप.

‘चला आता,’ ती म्हणाली, ‘वांगे तुमची वाट पाहून राह्यले.’

डावा पाय उचलला. मग उजवा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुरावर ढकललं. आगीपाशी बसलो, काडी टोचली आणि म्हणालो, ‘काढा.’

बडगी तेव्हा कुठे थांबली.