घुबडाचं खोकं

खिळा ठोकताना आबा प्रत्येक घावाला एक शिवी देत. "फटकी इली तुका." ठक्. "वाटोळा झाला तुजा." ठक्. शिव्या खिळ्याला नसत, हद्दीच्या दगडी गडग्यापलीकडच्या चुलतभावाला असत. त्याला नीट ऐकू जाव्यात म्हणून आबा सुतारकाम मुद्दाम अंगणात काढत. माझं शिवणाचं दुकान समोरच होतं. मशीन थांबवून मी ऐकत बसायचो. नावं सांगत नाही, भावकी अजून नांदते आहे. वाडीत त्यांना आबा म्हणत आणि चुलतभावाला दादा.

तुम्ही म्हणाल, एवढं कसलं वैर? ऐका तर.

गडग्याला लागून एक बोडका माड होता. शेंडा विजेनं जळालेला, नुसतं खोड उभं. त्याच्या ढोलीत दरवर्षी पोपट घर करत. आबांची बायको शेवटचं वर्ष खाटेला खिळली होती. खिडकीतून तिला समुद्र दिसत नसे की रस्ता, दिसे ती तेवढी ढोली. पोपटांशी ती बोलायची, त्यांची भांडणं सोडवायची. ती गेल्यावर आबा त्याच खाटेवर बसून तिकडेच बघत.

पुढच्या शिमग्याच्या सुमारास दादाला वाटू लागलं की ते खोड आपल्या गोठ्यावर पडणार. माड त्याच्या हद्दीत. आबांना विनवणी शोभत नसे, पण माझ्यादेखत त्यांनी ती केली.

"पिल्लां आसत रे. उडान जांवदेत, मगे तोड."

"व्हय, थांबतंय," दादा म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी आबा कुडाळच्या बाजाराला गेले आणि इकडे कुऱ्हाड पडली. संध्याकाळी परत आले तेव्हा खोडाचे तुकडे रचून झाले होते, वर पोपट ओरडत फिरत होते. पिल्लं गवतात पडली होती, पंखही न फुटलेली. आबांनी ती परसात पुरली, हात धुतले आणि मला म्हणाले, "मी इसरूचंय नाय."

आबा मुंबईला गोदीत सुतार होते. हत्यारं घरात होतीच. चहाच्या खोक्यांच्या फळ्या आणून त्यांनी पाखरांसाठी घरं करायला घेतली. गडग्याच्या कडेनं आपल्या प्रत्येक माडाला एकेक टांगलं. पहिल्यात मुंगळे झाले. दुसऱ्यात साळुंकी आली, तिसऱ्यात दयाळ. लोक हसले, म्हातारा बायकोच्या मागे भ्रमला म्हणाले. मीही हसलो.

मग एक मोठं खोकं तयार झालं, आणि त्याचं तोंड बरोबर दादाच्या पडवीकडे.

"ह्यां कोणाक?" मी विचारलं.

"घुबडाक," आबा म्हणाले, आणि बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच हसले.

दादा वाघाला भ्याला नसता, पण घुबडाचं नाव काढलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. घरावर घुबड बोललं की घरातलं माणूस जातं, ही त्याची पक्की समजूत. पावसाळा सरला आणि घुबडाची जोडी खरोखरच खोक्यात आली. दादाची झोप उडाली. खोकं आबांच्या माडावर, करतो काय? शेवटी त्यानं देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यां घुबडाचा संकट दूर कर रे म्हाराजा." सगळी वाडी म्हणाली, "होय म्हाराजा." सर्वांत मोठा आवाज आबांचा होता.

पण सुडाचं गणित फिसकटलं. घुबडं उंदरांवर तुटून पडली. दोन्हीकडच्या बागांत उंदीर कोवळे नारळ पोखरून टाकायचे, ते थांबलं. दादाचे माड लगडले. दुकानात येऊन तो म्हणाला, "घुबड लाभला रे माका." मी तोंडाचा फटकळ, आबांना तसंच्या तसं जाऊन सांगितलं. ते लाल झाले. शिडी लावली, हातोडा घेतला आणि खोकं फोडायला चढले. वरती कान लावून ऐकलं. मग हातोडा कमरेला खोचून खाली आले.

"पिल्लां आसत," म्हणाले. "थांबाक व्हया."

ती पिल्लं उडाली, पुढची झाली. खोकं तिथंच राहिलं.

एकदा दादा लाज गुंडाळून अंगणात आला. त्याला आपल्या माडासाठी तसंच खोकं हवं होतं.

"चुकलंय म्हण," आबा म्हणाले. "म्हण, आणि चार घेवन जा."

"एका मेल्या माडासाठी?"

आबांनी दार लावून घेतलं. पुढं वर्षं गेली, पण तो शब्द काही आला नाही. त्याची वाट बघतच आबा गेले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अग्नी द्यायला आणि दिवस करायला दादाच आला.

दहाव्याला खाडीकाठी पिंड मांडला. कावळे सुरूच्या झाडावर होते, पण खाली एक उतरेना. दादा डोकं भादरलेला, ओल्या धोतरात उन्हात उभा. म्हणाला, "घरात दिवो लावीन." कावळा हलला नाही. "माडांक पाणी घालीन. खोकी सांभाळीन." तरी नाही. भटजी कंटाळले आणि दर्भाचा कावळा करायला बसले.

मी म्हटलं, "थांबा भटजी. दादानू, काय सांगूचा तां तुमका म्हायत आसा."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो खाली मान घालून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यान सांगा," मी म्हटलं. "आबांक कमी ऐकाक येय."

"चुकलंय रे," दादा ओरडला. "पिल्लां होती, माका म्हायत होता. तरी तोडलंय."

पलीकडच्या काठावर जाळं ओढणारे सुद्धा थांबून बघू लागले. दोन कावळे खाली आले आणि पिंडाला चोच लागली. दादा रडत होता. मला त्याची कीव आली नाही, अजूनही येत नाही.

आबांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. गावानं ऐकायला हवं होतं.