भोंग्याची ताकद

आमच्या नौपाड्याच्या बिऱ्हाडात तो भोंगा आला, तेव्हा मी दोन दिवस यांच्याशी धड बोलले नाही. दोन खोल्यांचा संसार. बसायच्या खोलीत आधीच एक सागवानी खोकं उभं होतं, माझ्या खांद्याएवढं, पोटात परातीएवढा स्पीकर. त्याच्या डोक्यावर आता हा पत्र्याचा भोंगा. कल्याणला तंबूतला एक सिनेमा बंद पडला होता, तिथून यांनी तो खांद्यावर घालून आणला आणि म्हणाले, "अगं, बघ तरी!" बघितलं. त्याच्यावर कावळे बसून गेल्याच्या खुणा होत्या.

हे कोलशेतकडच्या एका कारखान्यात होते, पत्रे ठोकण्याच्या खात्यात. दिवसभर हातोड्यांचा दणदणाट सोसून आलेल्या माणसाने घरी गप्प बसावं की नाही? पण यांना गाणं ऐकायचं वेड, आणि ते नीट ऐकू यावं याचं त्याहून मोठं वेड. यांची कल्पना अशी की खर्ज मोठ्या स्पीकरने सांभाळावा, वरचे सूर भोंग्याने, आणि दोघांना अँप्लिफायर वेगवेगळे असावेत. म्हणून एकाच आकृतीवरून दोन अँप्लिफायर बांधले, आतले काचेचे व्हॉल्व्हसुद्धा तेच. "सख्खी जुळी आहेत," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. घोटाळा तिथेच होता.

रविवारी सकाळी आंघोळी उरकल्या की चाळीतली माणसं आपापल्या रेकॉर्डी पोटाशी धरून आमच्याकडे यायची. चटयांवर बसायची. रेकॉर्ड चालू असताना कोणी बोलायचं नाही, हा यांचा नियम. मी चहाचे कपसुद्धा चोरासारखे ठेवायचे. शेजारचे मास्तर सगळ्यांत आधी हजर, हातात अभंगांची रेकॉर्ड. भोंगा बसवल्यावरच्या पहिल्या रविवारी तीच लावली. टाळ सुरू झाले आणि कानात कोणी दाभण घातल्यासारखं झालं. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. यांना वाटलं, तल्लीन झाले. रेकॉर्ड संपल्यावर मास्तर "वा, फारच स्पष्ट!" म्हणाले आणि चहा न घेता उठले. रेकॉर्ड न्यायचीही विसरले.

आमच्याकडची माणसं भिडस्त. घरी बोलावून प्रेमाने ऐकवणाऱ्याला तोंडावर कोण सांगणार? पुढच्या रविवारी एकाकडे पाहुणे आले, दुसऱ्याचं डोकं दुखलं. होता होता एक रविवार असा आला की कोणीच आलं नाही. यांनी चटया अंथरलेल्या. अकरापर्यंत वाट पाहिली, मग स्वतःच्या हाताने गुंडाळल्या. "लोकांना चांगलं ऐकायची सवयच नाही," एवढंच म्हणाले. त्या दिवशी आमटी अळणी झाली होती, तरी मुकाट्याने जेवले. मला चाळीचा भयंकर राग आला. स्वतःचाही आला, कारण शेजारणीला भाजीत तिखट जास्त झालंय असं तोंडावर सांगणारी मी, मीही यांना काही बोलले नव्हते.

मग एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. भोंगा चालू, रेकॉर्ड नाही. म्हटलं, "अहो, बंद करा ते. नुसतं सूंऽ करतंय."

"काय करतंय?"

"सूं. मघापासून."

यांनी भोंग्याच्या तोंडाला कान लावला. मला स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं. "काही नाही गं," हे म्हणाले. मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसलेसुद्धा. पण यांचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. यांनी अँप्लिफायर बंद केले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "बांगड्या वाजव."

मी वाजवल्या.

"वाजव ना."

मी वाजवतच होते.

हे खाटेच्या कडेला बसले. मग मला समजावून सांगू लागले, पण ते स्वतःलाच सांगत होते. भोंगा मैदानभर आवाज फेकायला केलेला. चिमूटभर ताकदीवरही तो ओरडतो. मोठा स्पीकर आळशी, त्याला जास्त लागतं. दोघांना सारखंच दिलं की भोंगा किंचाळतो आणि अँप्लिफायरच्या पोटातली सूंसुद्धा बाहेर काढतो. "एवढं मला कळायला हवं होतं," हे म्हणाले. "मी टाळ ऐकू येईपर्यंत वाढवत गेलो. मला ऐकू येईपर्यंत."

आवाजाचं बटण मागे घेतलं तर गाणं लहान झालं, सूं तशीच राहिली. म्हणाले, अँप्लिफायरची ताकदच कापायला हवी. भोंग्याचा अँप्लिफायर उलटा करून कथलाचे डाग द्यायला बसले. एक जोड बदलायचा, सुरू करायचं, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं, मग माझ्याकडे बघायचं. मी नकाराची मान हलवली की पुन्हा बंद. पाचव्या खेपेला सूं गेली. मग मास्तरांची रेकॉर्ड लावली. टाळ गाणाऱ्याच्या मागे जाऊन उभे राहिले, जिथे टाळकऱ्यांनी राहावं तिथेच. इतकं सुरेख वाजत होतं की मी पटकन म्हणून गेले, "बास! हेच!"

हे भोंग्याला चिकटून उभे होते. "टाळ चालू आहेत?"

"आहेत."

"आत्ता?"

"हो."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "एकटे असाल तेव्हा तुमच्यापुरतं वाढवता येईल असं काहीतरी ठेवा की."

"नको. बरोबर आहे ते बरोबर आहे," म्हणाले, आणि खालची झाकणी स्क्रूने पक्की केली.

संध्याकाळी मी मास्तरांच्या दारात जाऊन स्पष्ट सांगितलं की भोंगा सुधारलाय, रविवारी या. कान दुखला तर तोंडाने सांगा, डोळे मिटून बसू नका. यांच्या कानांबद्दल मात्र बोलले नाही.

रविवारी चटया पुन्हा भरल्या. अभंगांची रेकॉर्ड लागली. हे भोंग्याकडे बघतच नव्हते, माणसांच्या तोंडांकडे बघत होते, एकेकाच्या. रेकॉर्ड संपली तसे मास्तर म्हणाले, "टाळ आज काय गोड लागले हो!"

"शेवटपर्यंत होते ना?" यांनी विचारलं.

मास्तर थट्टा समजून मोठ्याने हसले. सगळेच हसले. हे मात्र माझ्याकडे बघत राहिले.

"होते," मी म्हटलं. "शेवटपर्यंत होते."