जिन्यात वाजलेला फोन

लोक किती हालचाल करतात आणि किती लठ्ठ होतात, याच्या पाहणीसाठी मी पोलाद कारखान्याच्या मरोद्यातल्या क्वार्टरांमध्ये फिरते. आमच्या वरच्या मजल्यावरचे क्रेनवाले भाऊ त्या पाहणीत आहेत. कमरेला टेप लावली की ते पोट आत ओढून धरतात.

"भाऊ, श्वास सोडा."

"सोडला ना ताई. लिहा लवकर."

प्लांटमध्ये ते उंच केबिनमध्ये बसून क्रेन चालवतात. तिथल्या मेडिकल तपासणीत अनफिट ठरलं की केबिन सुटते. माझे कागद तिकडे जात नाहीत, हे मी सांगून थकले. त्यांना ते पटत नाही.

हल्ली जिना चढताना ते मधल्या वळणावर थांबतात, फोन कानाला लावतात आणि "हो हो, येऊन राहिलो" म्हणतात. ते फोनसाठी थांबतात असं मला वाटत नव्हतं, पण मी विचारलं नाही.

काल मी मागून चढत होते आणि त्यांच्या कानाला लावलेला फोन वाजला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता, ओठ काळवंडले होते.

"घरी सांगू नका, ताई. तिले समजलं तं मेडिकलले घेऊन जाईन."

फोन वाजतच होता, त्यांच्या बायकोचा. मी तो त्यांच्या हातातून घेतला.

"वहिनी, भाऊ जिन्यात आहेत. दवाखान्यात जायचं आहे, लवकर या."

वरून चपलांचा आवाज आला, तसं त्यांनी पोट आत ओढून घेतलं.